डाव्या गुडघ्याजवळची रेघ

चहाचं आधण ठेवायच्या आधी काकू रोज ओट्यावर पाण्याची एक रेघ काढायची. लांब केसांचा जुना ब्रश वाटीत बुडवायची, कडेला निथळू द्यायची आणि भिंतीकडच्या टोकापासून खिडकीपर्यंत, चार हात लांबीच्या त्या काळ्या दगडावरून, एका दमात आणायची. मध्ये थांबायचं नाही, पुन्हा बुडवायचं नाही. रेघ तुटली की हाताने पुसून परत पहिल्यापासून. जमली की क्षणभर बघायची आणि तिच्यावरच गाळणी, कप, साखरेचा डबा मांडायला घ्यायची.

मी एकदा विचारलं होतं, हे कशासाठी.

"हात बघते," ती म्हणाली. "आहे का गेला."

काकू वरच्या मजल्यावर राहायची, आम्ही खाली. बाबा तिचे धाकटे दीर. माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधीपासून ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे भांडत नव्हते असं नाही. भांडण रोज चालायचं, फक्त ते माझ्यातून जायचं.

"सांग तुझ्या काकूला, जिन्यावर पाणी सांडलंय. कुणाचा तरी पाय मोडेल."

"सांग तुझ्या बाबांना, डोळे दिलेत ना देवाने? बघून पाय टाका म्हणावं. दुसऱ्याच्या चुका बघायला बरे चालतात."

हे बोलताना दोघंही त्याच जिन्यावर असायचे, एक वर, एक खाली, आणि मधल्या पायरीवर मी. मी तोंड उघडायच्या आत उत्तर येऊन पोचलेलं असायचं. तरी 'सांग' म्हटल्याशिवाय एकही वाक्य सुरू होत नसे. फार संतापली तर काकू बाबांना 'तपासनीस साहेब' म्हणायची, आणि त्या दोन शब्दांनी बाबांचं जेवण उडायचं.

ते खरंच तपासनीस होते. घरातले तिघंही एकाच मोटारसायकलच्या कारखान्यात होते. काका जोडणीच्या शॉपमध्ये. काकू रेघांच्या विभागात, तिथे सहा बायका स्टुलावर बसून पेट्रोलच्या टाक्यांवर हाताने दुधी रंगाच्या रेघा काढायच्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. आणि बाबा इन्स्पेक्शनमध्ये. त्यांना तिथे काकांनीच चिकटवलं होतं, काकूच्या आग्रहावरून. हे वाक्य काकू वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्याकरवी खाली पाठवायची.

मोटारसायकल काकांची होती, त्याच कारखान्याची, काळी. मी सहा वर्षांची असेपर्यंत काकांच्या पुढ्यात टाकीवर बसून फिरले आहे. टाकी ऊन लागून तापलेली असायची. डाव्या बाजूची रेघ काकांच्या गुडघ्यापाशी जरा फुगलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि वळण आलं की मी तिथे अंगठा दाबून धरायचे. मग काका गेले. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिली. बाबांनी विकायचं काढलं की काकू नाही म्हणायची, कागद तिच्या नावावर होते. काकूने कुणाला देऊन टाकायचं म्हटलं की बाबा शेडचं कुलूप बदलायचे. दोघांच्या मध्ये गाडी गंजत गेली. सीटमध्ये उंदरांनी घर केलं. सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीने मातीचं बूच बसवलं. टायर जमिनीला चिकटून त्यांच्यातून गवत आलं.

निवृत्तीनंतर बाबा जुन्या गाड्यांच्या एका क्लबात जायला लागले. तिथे त्यांना एक शब्द सापडला, 'मूळ स्थिती'. गाडी चालू करून रंग मारणं म्हणजे काहीच नाही. कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी ती जशी होती, अगदी तशी, स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेपर्यंत, ती मूळ स्थिती. क्लबाचा परीक्षक येतो, भिंग लावून तपासतो आणि दाखला देतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासलं, त्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नव्हतं.

"विचार तुझ्या काकूला," ते म्हणाले. "शेडमधली गाडी मी घेऊ का करायला."

काकू वरून सगळं ऐकत होती. "सांग त्यांना, हात लावायचा तर पुरता लावा. अर्धवट उघडून ठेवली तर भंगारवाल्याला मी स्वतः जिना दाखवीन."

दोन वर्षं लागली. पिस्टन सिलिंडरला असा धरून बसला होता की तीन आठवडे डिझेल आणि तेल ओतून ठेवलं तेव्हा कुठे तो केसभर हलला. बाबांनी प्रत्येक नट पिशवीत घालून पिशवीवर नंबर टाकला. कारखान्याचं सुट्या भागांचं पुस्तक त्यांच्या उशाशी असे. एका बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वेगळ्या बनावटीचा निघाला म्हणून त्यांनी नवाकोरा बोल्ट गटारात फेकला. चाकाचे आरे बसवणाऱ्याला पाच वेळा चाक सोडायला लावलं. सहाव्यांदा त्याने चाक आमच्या दारात आणून टेकवलं आणि निघून गेला. क्रोमवाल्याशी तर हातघाईवर आलं, कारण त्याने हँडल फार चकचकीत केलं होतं आणि कारखान्यात ते तेवढं चकचकीत कधीच नव्हतं.

"एवढं निरखून मला बघायला आला असतात," आई म्हणाली, "तर हे लग्न झालं नसतं."

या सगळ्यात काकू खाली फिरकली नाही. एकदाच आली, बाबा टाकीवर काम करत होते तेव्हा. त्यांनी औषध लावून जुना रंग काढला होता आणि पॉलिशपेपरने घासून टाकी पत्र्यावर आणली होती. दारात उभी राहून काकूने त्या उघड्या पत्र्याकडे बघितलं.

"विचार त्यांना, जुनी रेघ दिसत होती का."

"दिसत होती थोडी," बाबा टाकीला म्हणाले.

"विचार, मापं घेतली?"

"पुस्तकात मापं आहेत. जाडी किती, वरून अंतर किती, सगळं छापलंय."

काकू हसली. तिचं हसू चांगलं नव्हतं. "सांग त्यांना, पुस्तक छापणाऱ्याने टाकी बघितली नव्हती." आणि वर गेली.

टाकीला काळा रंग बसला, भट्टीतून निघाला, आरशासारखा झाला. आता रेघा. बाजारात तयार स्टिकर मिळत होते, पण परीक्षकाला ते चालणार नव्हते. मूळ रेघ हाताची होती. बाबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक माणूस बोलावला. त्याने दोन टेप समांतर लावून मधली फट भरली. रेघ सुबक आली. परीक्षक एका रविवारी सहज डोकावून गेला, बारीक चणीचा, सतत घसा खाकरणारा माणूस. भिंग लावलं आणि म्हणाला, "टेप लावलाय. हातच्या रेघेची कड अशी सुरीने कापल्यासारखी नसते. ही चालणार नाही."

बाबांनी रेघ पुसली. चार दिवस ते टाकीसमोर नुसते बसून राहिले. जिची रेघ त्या टाकीवर होती ती बाई डोक्यावरच्या खोलीत चालत होती, तिची पावलं छतातून ऐकू येत होती.

पाचव्या दिवशी त्यांनी मला वर पाठवलं.

काकू नंबरप्लेट रंगवत होती. कारखान्यातून काढल्यावर तिने तेच काम धरलं होतं. निरोप ऐकून तिने आकडा पुरा केला, ब्रश धुतला.

"स्टिकर लावा म्हणावं," ती म्हणाली. "स्टिकर तर त्यांना फार आवडतात."

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की बाबांच्या एका अहवालावरून तिची नोकरी गेली. झालं होतं असं. रेघेला किती वेळ लागतो हे मोजायला व्यवस्थापनाने बाबांना स्टॉपवॉच देऊन रेघांच्या विभागात पाठवलं. तेवीस वर्षांचे होते. ते काकूच्या स्टुलामागे येऊन उभे राहिले. रेघ काढताना श्वास रोखावा लागतो. टाकीवर गुडघा टेकायच्या खळग्याशी रेघ वळते तिथे तर डोळाही लवून चालत नाही. नेमकं तिथे मागून बटण दाबल्याचा आवाज आला. तिचा हात थांबला नाही, पण अर्धा क्षण रेंगाळला, आणि रेघ दाण्याएवढी फुगली. टाकी वॉर्निश होऊन, भट्टीतून निघून इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेली. टेबलामागे बाबाच. त्यांनी ती नापास केली. नापास गाड्या कामगारांना सवलतीत विकत. ती काकांनी घेतली. 'माझ्या बायकोची रेघ दुसऱ्या कुणाच्या मांडीखाली कशाला,' असं म्हणाले, आणि सगळा शॉप हसला.

पुढच्या वर्षी मोजलेल्या वेळेच्या जोरावर अहवाल निघाला की रेघेपेक्षा स्टिकर परवडतो. सहा बायका घरी आल्या.

"नोकरीचं नाही गं एवढं," काकू म्हणाली. "आज ना उद्या जाणारच होती ती." तिने पत्र्याच्या डब्यातून, ब्रशांच्या खालून, एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. गाडीसोबत आलेली नापासाची चिठ्ठी. वर टाकीचा नंबर. खाली बाबांचं बारीक, सरळ अक्षर: डावी रेघ, गुडघ्याजवळ जाड. त्याखाली 'कारण' असा रकाना आणि त्यात तीन शब्द. कारागिराचा संपूर्ण निष्काळजीपणा. आणि सही.

"बारा वर्षांत माझी एक टाकी परत आली नव्हती. ही एक आली. आणि काय लिहिलंय बघ. संपूर्ण." तिने चिठ्ठी परत ठेवली. "सांग त्यांना, काढते. पंधरा दिवस द्या."

त्या पंधरा दिवसांत तिची सकाळची रेघ बदलली. मी मुद्दाम बघायला जायचे. ओट्याच्या साधारण मध्यावर पाणी किंचित फुगायचं. कधी जास्त व्हायचं, मग ती चुटपुटत पुसायची. कधी काहीच व्हायचं नाही, रेघ सरळच निघून जायची, आणि तिला त्याचा जास्त राग यायचा. "हात ऐकत नाही मेला," म्हणायची. मला काही कळत नव्हतं असं नाही, पण मी गप्प राहिले. निरोप्याला मत नसतं.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला ती खाली आली. टाकी उलट्या ड्रमावर मऊ कापडात बसवलेली होती.

"सांग त्यांना, हातातलं घड्याळ काढून आत ठेवा. आणि मग स्वतःही आत जा."

बाबा गेले. उजवी रेघ तिने मिनिटभरात काढली. ब्रशचे लांब केस पत्र्यावर आडवे पडायचे आणि रंग त्यांच्या मागून निघायचा, जणू रेघ आधीच तिथे होती आणि ती फक्त वरचं झाकण काढत होती. मग ड्रमाला वळसा घालून डावीकडे बसली. श्वास घेतला. खळग्यापर्यंत रेघ तशीच आली. तिथे तिने बोटाचा दाब इतका थोडा वाढवला की मला तो दिसला नाही, नुसता रेघेत उमटलेला दिसला. मग हात हलका झाला आणि रेघ पुढे निघून गेली. चूक हुबेहूब करणं सरळ काढण्यापेक्षा अवघड असतं हे मी त्या दिवशी बघितलं.

बाबा भिंग घेऊन बाहेर आले. उजवी बाजू बघितली, मान हलवली. डावीकडे आले. खळग्याशी भिंग थांबलं.

"वहिनी," ते म्हणाले.

बेचाळीस वर्षांनी. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला एकदम कळेना की तोंड कुणाकडे करायचं.

"वहिनी, हे मुद्दाम केलंत तुम्ही. दोन वर्षं मी मर मर मेलो, आणि शेवटच्या रेघेला तुम्ही सूड घेतलात!"

काकूने टर्पेंटाइनचा बोळा हातात धरला होता. "सांग त्यांना, रंग ओला आहे. पुसायचा तर आत्ताच पुसता येईल. पुस्तकातल्यासारखी सरळ काढून देते, परीक्षक डोळे मिटून पास करेल." आणि दुसऱ्या हाताने ती पिवळी चिठ्ठी टाकीवर ठेवली, रेघेला न लागेल अशी. "पण मूळ स्थिती पाहिजे असेल तर मूळ ही आहे. नंबर ताडून बघा म्हणावं."

बाबांनी स्वतःचं अक्षर वाचलं. नंबर टाकीच्या पोटाखाली ठोकलेल्या नंबराशी ताडला. दोनदा ताडला. त्यांना ती टाकी आठवत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं; त्यांनी हजारो नापास केल्या होत्या.

"ठेवा तशीच," शेवटी ते म्हणाले.

"मग सांग त्यांना, चिठ्ठीतलं कारण खोटं आहे. ते खोडा."

"चिठ्ठीवर आज काही खोडलं तर चिठ्ठी मूळ राहत नाही," बाबा म्हणाले. आवाजात जुना तपासनीस परत आला होता. "परीक्षक ती कागदपत्रांत धरणार नाही."

"मग तोंडाने सांगा म्हणावं. त्याच्यासमोर. नाही सांगितलं तर टाकी माझ्या नावावर आहे आणि पॉलिशपेपर माझ्याकडेही आहे."

"आणि मला जे आठवत नाही ते मी सांगू?"

"आठवेल," काकू म्हणाली, पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून, आणि लगेच माझ्याकडे वळली. "सांग त्यांना, आठवेल."

रेघांवर वॉर्निश बसलं, टाकी चढली, गाडी पूर्ण झाली. या तीन आठवड्यांत खालून वर एकही निरोप गेला नाही. आईने विचारलं, काय ठरवलंत, तर बाबा म्हणाले, जेवायला वाढ.

परीक्षक आला. तीन तास भिंग फिरवत राहिला. काकू जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून होती, मांडीवर पॉलिशपेपरची गुंडाळी. बोल्ट पास झाले, वायरी पास झाल्या. डाव्या रेघेशी तो थांबला, घसा खाकरला.

"हात छान आहे. पण इथे दोष आहे. हा आजचा का मूळचा?"

बाबांनी चिठ्ठी दिली. परीक्षकाने ती उजेडात धरून मोठ्याने वाचली. "कारागिराचा संपूर्ण निष्काळजीपणा. अच्छा. सही कुणाची?"

"माझी."

"मग दोष मूळचाच. उत्तम! असा पुरावा कुणाकडे नसतो हो." तो खूश होऊन लिहायला लागला. "शेऱ्यात तसंच लिहितो. कारागिराचा..."

जिन्यावर कागद उलगडल्याचा आवाज झाला. बाबांनी तिकडे बघितलं नाही. मोटारसायकलच्या हँडलवर एक हात ठेवून ते उभे होते, आणि मला वाटलं ते बोलणार नाहीत. माझ्या बाबांना मी सत्तावीस वर्षं ओळखत होते. त्यांनी कधीही स्वतःच्या शेऱ्यावर शेरा मारलेला नव्हता.

"तसं लिहू नका," ते म्हणाले. "निष्काळजीपणा नव्हता. मी मागे स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. रेघ खळग्यात असताना बटण दाबलं."

परीक्षक पेन थांबवून बघत राहिला. "असं लिहू?"

"लिहा."

"सांग त्यांना," जिन्यावरून काकू म्हणाली, "दोनदा दाबलं होतं."

बाबांची मान ताठ झाली. कपाळावरची शीर दिसायला लागली. आई दारात येऊन उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

"दोनदा," बाबा परीक्षकाला म्हणाले. त्याने तेही लिहिलं.

दाखल्याची एक प्रत खाली बाहेरच्या खोलीत लागली, एक काकूने मागून घेतली आणि ब्रशांच्या डब्यात घातली. चिठ्ठी बाबांकडे राहिली. यापलीकडे घरात काही बदललं नाही. बाबा लोकांना गाडी दाखवताना रेघेचा विषय आला की घाईने कार्ब्युरेटरकडे वळायचे, आणि मला सांगायचे की उजवी रेघ अर्धा मिलिमीटर खाली आहे, मी बोललो नाही इतकंच. काकू गाडीवर एकदाही बसली नाही. कुणी बसायला सांगितलं तर म्हणायची, "तपासनिसाच्या मागे? आता मी त्यांच्या मागे उभी राहीन, घड्याळ घेऊन." जिन्यावर पाणी सांडत राहिलं. सकाळची पाण्याची रेघ पुन्हा सरळ झाली.

पुढच्या वर्षी ती आजारी पडली, आणि अकरा दिवसांत आटोपलं. शेवटच्या आठवड्यात ओट्यावरची रेघ मी काढायला घेतली. ती पलंगावरून मान वळवून बघायची आणि म्हणायची, पूस. माझी एकही रेघ तिने पास केली नाही.

रविवारी बाबा नेहमीप्रमाणे गाडी चालू करायचे. त्या रविवारी मी तिला चमच्याने चहा पाजत होते. खाली तीन किका बसल्या, चौथीला इंजिन पेटलं आणि जड, भरलेल्या आवाजात चालू राहिलं. ती ऐकत होती. मी चमचा पुढे केला, तिने हाताने थांबवला. खिडकी उघडी होती, तिचा आवाज अजून खाली जाण्याइतका होता, आणि तरी ती माझ्याकडेच बघून म्हणाली,

"सांग त्यांना, चोक आत ढकला म्हणावं. प्लग काळा होईल."